मिठाची बरणी आणि दोन थेंब

आमच्याकडे भाकरीच्या पिठात मीठ घालत नाहीत. ज्वारीचे पीठ, कढत पाणी आणि मळणाऱ्या हाताचा जोर एवढ्यावर सोलापूरची भाकरी होते, आणि मिठाची भूक भागते ती शेंगा चटणीतून, आमटीतून, फार तर ताटाच्या डाव्या बाजूला वाढलेल्या चिमटीतून. त्यामुळे घरातल्या सगळ्या माणसांच्या पोटात जाणारे मीठ शेगडीशेजारच्या एकाच बरणीतून निघते. गेल्या वर्षी आषाढी एकादशीपासून भाद्रपदापर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन महिने, त्या बरणीत काय होते आणि त्याच काळात मी स्वतः सकाळच्या पाण्यात काय घालून पीत होते, हे एकत्र मांडून पाहिले की आजही मला स्वतःचा राग येतो आणि थोडे हसूही येते.

मला सहा वर्षांपासून थायरॉईड आहे. खरे तर हे वाक्यच विचित्र आहे, कारण थायरॉईड प्रत्येकालाच असतो. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात आणि ती गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखरासारखी बसलेली असते. ‘मला यकृत आहे’ असे कोणी सांगत नाही, पण भिशीत, लग्नाच्या पंगतीत, परिवहनच्या बसमध्ये ‘मला थायरॉईड आहे’ असे सांगणाऱ्या बायका इतक्या भेटतात की हे वाक्य आता शुद्धच मानायला हवे. माझ्या बाबतीत ती ग्रंथी मंदावली आहे, आणि रोज पहाटे अनशापोटी लेव्होथायरॉक्सिनची पन्नास मायक्रोग्रॅमची बारीकशी गोळी घेऊन, त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहाची वाट पाहत बसणे हा आता माझा नेम आहे.

गोळी घेऊनही थकवा पुरता जात नव्हता. केस कंगव्यात यायचे, पायऱ्या चढताना पाय भरून यायचे, आणि निवृत्तीनंतर दिवस मोकळा असल्यामुळे या सगळ्याकडे लक्ष द्यायला वेळही भरपूर होता. अशातच पुण्याच्या माझ्या नणंदबाईंनी फोनवरून एक उपाय सांगितला. “वहिनी, थायरॉईडला आयोडीन लागतं ना? मग तुमच्या थायरॉईडला आयोडीन कमी पडतंय, एवढं साधं गणित आहे,” असे त्या म्हणाल्या आणि आठवड्याभरात तपकिरी काचेची एक बाटली कुरियरने घरी आली. तिच्यात ल्युगोलचे, म्हणजे आयोडीनचेच, द्रावण होते. रोज सकाळी पेलाभर पाण्यात दोन थेंब, असे बजावून सांगितले होते. याच्याच जोडीला त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, की पाकिटातले पांढरे मीठ हे कारखान्यातले, त्यात नाना रसायने. त्यापेक्षा सैंधव नैसर्गिक. आषाढीच्या उपवासासाठी सैंधव घरात आणलेले होतेच. मी बरणी रिकामी करून धुतली, उन्हात वाळवली आणि त्या गुलाबी खड्यांची पूड करून भरली. घरात त्या वेळी मी, यजमान, मुलगा आणि सून एवढी माणसे होती.

थायरॉईडला आयोडीन लागते, हे नणंदबाईंचे पहिले वाक्य अगदी बरोबर होते, हे कबूल केले पाहिजे. ही ग्रंथी जे मुख्य संप्रेरक तयार करते, त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-४ म्हणतात. शरीरात त्यातला एक अणू काढला गेला की टी-३ होते आणि पेशींवर खरे काम तेच करते. आयोडीन नसेल तर विटांशिवाय भिंत बांधायला गवंड्याला बसवल्यासारखे होते. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी टीएसएच नावाचा तगादा पाठवत राहते, तगाद्याने ग्रंथी वाढते, सुजते, आणि कच्चा माल नसल्यामुळे नुसतीच मोठी होऊन बसते. तोच गलगंड. माझ्या आईच्या एका मावशीच्या गळ्याला असे आवाळू होते. तिने जन्मभर पदर गळ्याभोवती घेऊन ते झाकले आणि घरातल्या कोणालाही तो आजार आहे असे वाटले नाही. तिचा गळाच तसा, एवढेच म्हणायचे.

आयोडीनची गोष्ट मात्र समुद्रापाशी सुरू होते, आणि आम्ही समुद्रापासून फार लांब आहोत. १८११ मध्ये बर्नार्ड कुर्त्वा नावाचा एक फ्रेंच माणूस बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा बनवण्याच्या खटपटीत समुद्री शेवाळाची राख वापरत होता. त्या राखेच्या अर्कात आम्ल जास्त पडले आणि भांड्यातून जांभळ्या वाफा उठल्या. जांभळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरूनच या मूलद्रव्याला नाव मिळाले. पुढे नऊच वर्षांनी, १८२० मध्ये, जिनिव्हाच्या क्वांदे नावाच्या डॉक्टराने गलगंडाच्या रोग्यांना आयोडीन द्यायला सुरुवात केली. शेवाळाची आणि समुद्री स्पंजाची राख गलगंडावर द्यायचा रिवाज जुनाच होता, त्यावरून त्याला ते सुचले. गळे उतरले, त्याचा बोलबाला झाला, आणि लवकरच काही रोग्यांची छाती धडधडू लागली, वजन झपाट्याने घटू लागले, हात कापू लागले. आयोडीन जास्त झाले होते. म्हणजे औषध सापडल्याबरोबर त्याचे अतीही सापडले; नणंदबाईंच्या बाटलीचा इतिहास असा दोनशे वर्षांचा आहे, पण तो तिच्या लेबलवर छापत नाहीत.

माणसाला आयोडीन लागते तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. मी शाळेत मराठी शिकवले असले तरी हिशेब करायला आवडते, म्हणून एकदा कागदावर मांडून पाहिले: सत्तर वर्षे जगणाऱ्या माणसाला उभ्या जन्मात चार ग्रॅमसुद्धा आयोडीन लागत नाही. चहाचा एक चमचासुद्धा भरणार नाही! पण हा चमचा एकदम खाऊन चालत नाही, तो सत्तर वर्षांत कणाकणाने पोटात जावा लागतो, आणि हिमालयाच्या पायथ्याच्या किंवा आमच्यासारख्या समुद्रापासून आत असलेल्या मुलखात, जिथे पावसाने जमिनीतले आयोडीन धुऊन नेलेले असते, तिथल्या धान्यातून, भाजीतून तेवढेही मिळेल याची खात्री नसते. म्हणून ते कण मिठात घालायची युक्ती निघाली. श्रीमंत-गरीब, शाकाहारी-मांसाहारी असा कोणीही रोज जवळजवळ ठरलेल्या मापाने खातो असा पदार्थ मिठाशिवाय दुसरा नाही. स्वित्झर्लंडने १९२२ मध्ये ही सुरुवात केली.

आपल्या देशात या युक्तीची कसोटी कांगडा खोऱ्यात लागली. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये हिमाचलातल्या त्या खोऱ्यातील गावांचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ पुरवले, मधल्या विभागाला साधे. पाच-सहा वर्षांनी मोजणी केली तेव्हा आयोडीनच्या दोन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते, साध्या मिठाच्या विभागात ते होते तिथेच होते. मग त्या विभागालाही आयोडीनचे मीठ देण्यात आले. याच कामाच्या आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतरच्या पाहण्यांमधून हेही कळले, की हा प्रश्न हिमालयाच्या पट्ट्यापुरता नाही, देशातले कुठलेच राज्य त्यातून सुटलेले नाही. १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नावच बदलून ‘आयोडीन न्यूनता विकार’ असे केले गेले. हा बदल कागदी वाटतो, पण मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण गळ्याची गाठ ही या कमतरतेची नुसती दिसणारी बाजू आहे. न दिसणारी बाजू गर्भातल्या मुलाच्या मेंदूची आहे.

मीठ आणि सक्ती हे दोन शब्द शेजारी आले की सोलापूरच्या माणसाला १९३० आठवणारच. मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली आणि मे महिन्यात हे शहर असे पेटले की इंग्रजांना इथे मार्शल लॉ लावावा लागला; मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. त्यामुळे केंद्राने १९९८ मध्ये साध्या मिठाच्या विक्रीवर बंदी घातली, २००० मध्ये ती उठवली आणि २००६ मध्ये पुन्हा घातली, या सगळ्या काळात ‘सरकारने आम्हाला कुठले मीठ खायचे ते सांगू नये’ हे म्हणणे मलाही मनातून पटायचे. आमच्या लहानपणी मिठाचे पोते रात्रीसुद्धा दुकानाबाहेरच पडलेले असायचे, इतका तो स्वस्त आणि सर्वांचा माल होता. बैलांच्या पाठीवर मीठ वाहून आणणाऱ्या लमाणांचे नावही लवणावरूनच पडले असे मानतात, आणि त्यांचे तांडे आजही सोलापूरच्या आसपास आहेत. अशा या मिठाला एकदम पाकीट, छाप आणि कायदा चिकटला, हे रुचायला वेळ लागतोच. माझ्या सैंधवाच्या प्रेमात नणंदबाईंच्या फोनइतकाच या जुन्या कुरबुरीचाही वाटा असावा.

गौरी-गणपतीच्या सुमारास सून म्हणाली, “आई, मला दिवस गेलेत.” तिची नोंदणी करायला आमच्या भागातली आशाताई घरी आली. वजन, रक्तदाब, मागच्या पाळीची तारीख असे सगळे लिहून झाल्यावर ती म्हणाली, “काकू, घरातलं मीठ जरा दाखवता का?” मला गंमत वाटली. मी बरणीच तिच्यापुढे ठेवली. तिने पिशवीतून एक छोटीशी डबी काढली, चमचाभर मीठ ताटलीत सपाट करून घेतले आणि प्लास्टिकच्या इवल्या बाटलीतून त्यावर एक थेंब सोडला. आम्ही तिघी ताटलीवर वाकून पाहत राहिलो. थेंब पसरला, मिठाचा छोटासा ढीग ओला झाला, आणि गुलाबीसर पांढरा होता तो तसाच राहिला. तिने आणखी एक थेंब टाकला. काहीच नाही. मग ती शेजारच्या घरी गेली आणि त्यांच्याकडचे पाकिटातले चिमूटभर मीठ कागदावर घेऊन आली. त्याच बाटलीतला थेंब त्यावर पडताच मिठावर आधी फिकट आणि मग शाईसारखा गडद जांभळा डाग उमटला. डबीवरच्या रंगपट्टीशी तो लावून पाहत ती म्हणाली, “असा यायला हवा. तुमच्या मिठात आयोडीन नाही, काकू.”

त्या द्रावणात स्टार्च असतो आणि मिठातल्या पोटॅशियम आयोडेटमधून मोकळे होणारे आयोडीन त्याला धरून रंग देते, एवढेच त्याचे रहस्य. पण त्या क्षणी मला रसायनशास्त्र सुचत नव्हते. घरात पोहोचेपर्यंत मिठात दर दहा लाख भागांमागे निदान पंधरा भाग आयोडीन उरावे असा नियम आहे, आणि माझ्या बरणीत ते शून्य होते. गर्भार बाईला आयोडीनची गरज दिवसाला अडीचशे मायक्रोग्रॅमपर्यंत जाते, कारण पहिले तीन महिने बाळाची स्वतःची अवटू ग्रंथी कामाला लागलेली नसते; त्याच्या मेंदूची घडण आईच्या टी-४ वर चाललेली असते. मी नैसर्गिक म्हणून भरलेली बरणी नेमक्या त्या तीन महिन्यांत सुनेच्या ताटात रिकामी होत होती.

आणि मी? माझ्या सकाळच्या पेल्यात दोन थेंब पडत होते. ल्युगोलच्या द्रावणात पाच टक्के आयोडीन आणि दहा टक्के पोटॅशियम आयोडाइड असते. एका थेंबात साधारण सहा मिलिग्रॅम आयोडीन येते, दोन थेंबांत बारा. म्हणजे ऐंशी दिवसांचे आयोडीन मी रोज एका घोटात पीत होते, आणि तेही साठ दिवस. ज्या घरात एकीला कणभर हवे होते तिला तो कण मिळत नव्हता, आणि जिला नको होते तिच्या पोटात तांब्याने ओतले जात होते.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी एकत्रच तपासणीला गेलो. सुनेचा टीएसएच २.१ आला. निरोगी ग्रंथीत दोन-तीन महिने पुरेल एवढा साठा असतो आणि दुधातूनही थोडे आयोडीन मिळत राहते, असे डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितल्यावर माझ्या जिवात जीव आला. माझा अहवाल मात्र निराळा होता. वर्षभरापूर्वी ३.४ असलेला टीएसएच १८.६ झाला होता, म्हणजे ग्रंथी आणखी मंदावून तगादा वाढला होता. हे नणंदबाईंना कळवले तर त्या म्हणाल्या, सुरुवातीला वाढतोच, शरीर साफ होतंय. साफ काय होत होते ते डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवले.

माझी ग्रंथी मंदावली होती ती आयोडीन कमी पडल्यामुळे नव्हतीच. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टराने १९१२ मध्ये ज्याचे वर्णन केले, तो हा विकार: शरीराची संरक्षक फौज घरच्याच ग्रंथीला शत्रू समजून पोखरू लागते. आयोडीनयुक्त मीठ जिथे पोहोचले आहे तिथे मंद थायरॉईडचे हेच सर्वांत मोठे कारण असते. एकदम खूप आयोडीन आले की कुठलीही अवटू ग्रंथी सावधपणे काही काळ संप्रेरक बनवणे थांबवते. वुल्फ आणि चायकॉफ या संशोधकांनी १९४८ मध्ये हे दाखवले. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते आणि पुन्हा कामाला लागते. पोखरलेल्या ग्रंथीला मात्र हे सावरणे जमत नाही, ती थांबते ती थांबूनच राहते. शिवाय जास्तीच्या आयोडीनमुळे त्या फौजेला आणखी चेव येतो. गवंडी आजारी असताना अंगणात विटांचे ट्रक रिकामे करून भिंत उभी राहत नाही, उलट वाट बंद होते. मला हवे होते ते तयार संप्रेरक, आणि ते त्या बारीक गोळीत होतेच. थकव्याचे म्हणाल तर अर्धे कारण रक्तातल्या लोहाच्या कमतरतेत सापडले, आणि बाकीचे अर्धे मी गोळीनंतर दहाव्या मिनिटाला चहा आणि नाश्त्याबरोबर कॅल्शियम घेत होते त्यात. कॅल्शियम आणि लोह या गोळीपासून चार तास लांब ठेवायचे असते.

कोबी खाऊ का, बाजरी खाऊ का, असे मी ओघात विचारून घेतले, कारण भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी नाही म्हणजे काय? बाजरीतली काही द्रव्ये ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात हे खरे आहे, पण तो त्रास मुख्यतः आयोडीन आधीच कमी असलेल्या आणि बाराही महिने बाजरीवरच राहणाऱ्या लोकांना होतो. शिजवलेला कोबी आणि भोगीची भाकरी यांना पूर्ण मुभा मिळाली.

बरणीत आयोडीनयुक्त मीठ परत आले. ती आता शेगडीजवळ नसते, कारण उष्णता आणि ओल या दोन्हींनी आयोडीन उडते. घट्ट झाकणाची केली आहे आणि आमटीत मीठ उकळी आल्यावर, शेवटी घालायची सवय लावून घेतली आहे. आमची आजी खडे मीठ धुऊन घ्यायची. आयोडीन मिठाच्या अंगावरच फवारलेले असते, म्हणून आता तसे करायचे नाही. यजमानांना रक्तदाब असल्यामुळे मीठ कमी खायचे आहे, तर त्यांना कमी मीठ पण आयोडीनचे, असा निवाडा झाला. सैंधव एकादशीपुरते उरले आहे आणि त्याबद्दल विठ्ठलाची काही तक्रार दिसत नाही.

थेंब बंद झाले, गोळी काही काळ वाढवून दिली गेली, आणि संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज निघाले त्या आठवड्यातल्या तपासणीत माझा टीएसएच ४.२ वर उतरला. नातू चैत्रात झाला. तिसऱ्या दिवशी त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन त्याचीही थायरॉईडची तपासणी झाली, तेव्हा तो त्या सुईवर जो काही संतापला तो आवाज ऐकूनच मला अहवाल समजल्यासारखा झाला. नंतर कागदही नीट आला. नणंदबाई बारशाला आल्या होत्या. त्यांनी आता थेंबांचा विषय सोडून दुसराच कुठला तरी काढा धरला आहे.

तपकिरी बाटली अजून माळ्यावर होती. परवा शेजारचा सातवीतला मुलगा विज्ञानाच्या वहीसाठी आयोडीन शोधत आला, म्हणून ती काढली. दुपारच्या उरलेल्या भाकरीचा तुकडा बशीत ठेवून त्यावर त्याने थेंब सोडला आणि ज्वारीची ती पांढरी भाकरी डोळ्यांदेखत निळीकाळी झाली. मग त्याला बरणीतले मीठ हवे झाले. मिठावर मात्र थेंबाचा पिवळट डागच राहिला. “आजी, ह्याच्यात आयोडीन आहे म्हणता, मग हे निळं का होत नाही?” असे त्याने विचारले. मिठात स्टार्च नाही, भाकरीत आहे, आणि आशाताईंच्या बाटलीत तो आधीपासून घातलेला असतो, हे मी त्याला सांगू लागले, तोवर त्याने बशीतल्या भाकरीवर आणखी तीन थेंब टाकले होते. मी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली आणि झाकण घट्ट लावले.